मंडपाच्या कडेचा खांब व त्याचा तणावा

द्राक्षाचा मंडप कोसळतो तो बहुधा घड भरल्यावर, आणि दोष दिला जातो तारेस. आम्हीही एकदा तारेसच दिला. जवळ जाऊन पाहिले तो तार शाबूत. तणाव्याचा पुरलेला दगडच जमिनीतून उपसून वर आला होता.

घडांचा भार खाली लागतो हे खरे. परंतु तारेस झोळ जितका कमी, तितकी ती तोच भार पेलताना कडेच्या खांबास आत अधिक ओढते. ही आडवी ओढ ३०० किलो धरू. खांबाच्या पायथ्याची पकड हिशेबात न घेतल्यास, खांब स्थिर राहण्यासाठी तणाव्याने त्यास बाहेरच्या बाजूस तितकेच ओढले पाहिजे. पण तणावा तिरपा असतो. म्हणून त्याच्या ओढीचे दोन भाग कल्पावे, एक आडवा व एक उभा. तारेशी झुंजतो तो आडवा भाग. उभा भाग वरच्या टोकाशी खांबास जमिनीत दाबतो आणि खालच्या टोकाशी दगडास वर उपसतो.

हे भाग काढण्यास फूटपट्टी पुरे. खांब ६ फूट उंच व दगड ८ फुटांवर असेल, तर तणावा १० फूट भरतो. येथे ८ फूट म्हणजे ३०० किलो. त्या प्रमाणाने तणाव्यावर ३७५ व दगडावर उभा जोर २२५ किलो. दगड साडेचार फुटांवर आणला की तणावा साडेसात फूट. त्यावर ५०० व उभा जोर ४०० किलो. अडीच फुटांवर आणला तर तणावा साडेसहा फूट, आणि हेच आकडे ७८० व ७२० होतात! मंडपावर एक घडही वाढलेला नाही.

बांधालगत औत किंवा ट्रॅक्टर वळावा म्हणून दगड खांबाशी आणतात. जागेची अडचण आम्ही जाणतो. परंतु मग दगड मोठा व खोल हवा, कारण त्याचे व वरील मातीचे वजन आणि मातीची पकड एवढेच त्यास धरून ठेवते, आणि अवकाळी पावसाने ती पकड ढिली पडते. खांबाखालीही रुंद फरशी बसवावी; खांब खचला तर तणावा सैल पडून सारेच फुकट.

ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी तणावे मोजून घ्यावेत. जेथे अंतर खांबाच्या उंचीहून कमी आढळेल, तेथील दगड आधी उकरून पाहावा.