कासवाचे न खाणे : पाटणच्या पावसाळ्यातील एक धडा

कासव हा शीतरक्ती प्राणी आहे, म्हणजे शरीराची ऊब त्याला स्वतः निर्माण करता येत नाही आणि पचन, रक्ताभिसरण, रोगप्रतिकार या त्याच्या साऱ्या क्रिया भोवतालच्या तापमानानुसार मंद किंवा जलद होतात. त्यामुळे त्याच्या बाबतीत आजार आणि गारठा यांतील फरक ओळखणे हाच पाळणाऱ्यापुढील सर्वांत कठीण प्रश्न ठरतो. शिवाय कासव कण्हत नाही, आणि सस्तन प्राण्यांप्रमाणे छाती व पोट यांना विभागणारा स्नायूंचा पडदा त्याला नसल्याने जोराने खोकून फुप्फुसातील कफ बाहेर टाकणेही त्याला साधत नाही. कवचाच्या आत चाललेला विकार बाहेर दिसू लागतो तेव्हा तो बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

हा प्रश्न पाटणसारख्या ठिकाणी अधिक बिकट होतो. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावात पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे स्वच्छ ऊन पडत नाही, घरांच्या भिंती ओल धरतात आणि काचेच्या टाकीतील पाणी दिवसभर गारच राहते. घरोघरी पाळले जाणारे लाल कानाचे कासव, म्हणजे डोळ्यांच्या मागे तांबडा पट्टा असलेले मूळचे उत्तर अमेरिकेतील पाणकासव, दररोज काही तास अंग शेकल्याशिवाय निरोगी राहू शकत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरी असेच एक कासव होते. जुलैच्या मध्यावर त्याने खाणे सोडले, तेव्हा पावसाळ्यात कासव विश्रांती घेते अशी सर्वांनी समजूत करून घेतली. पुढे त्याच्या पापण्या सुजल्या, तेव्हा माणसांच्या डोळ्यांत घालायचे थेंब घातले गेले. आणि ते एका बाजूला कलून तरंगू लागले, तेव्हा ते खेळत आहे असे घरातील मुलांना वाटले. जवळच्या दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री यांच्यावरील उपचारांचा अनुभव होता, कासवांचा नव्हता. आणि जाणकार पशुवैद्याकडे ते नेले गेले, तोवर न्युमोनियाने त्याची दोन्ही फुप्फुसे ग्रासली होती. ते वाचले नाही. यात दोष कासवाच्या नाजूकपणाचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या अज्ञानाचा होता, आणि ते अज्ञान सहज दूर करता आले असते म्हणूनच हे लिहिणे आवश्यक वाटते.

या तिन्ही लक्षणांना स्वतंत्र अर्थ होता. पापण्या सुजून डोळे मिटणे हे पुष्कळदा अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे चिन्ह असते, आणि केवळ सुकवलेल्या झिंग्यांवर वाढवलेल्या कासवांत ते वारंवार आढळते. या अभावामुळे डोळ्यांचे व श्वासमार्गाचे अस्तर जाड व कोरडे होते आणि जंतूंना वाट मिळते. मात्र त्यावर घरच्या घरी जीवनसत्त्वाची सुई देणे घातक आहे, कारण मात्रा वाढल्यास कातडी सोलून निघते. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून मान ताणून श्वास घेणे आणि पाण्यात तिरके तरंगणे ही श्वसनसंस्थेच्या संसर्गाची लक्षणे असून, एका फुप्फुसात द्रव साचला की शरीराचा तोल त्या बाजूला जातो. तिरके तरंगणारे कासव दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

खाणे थांबल्यावर पहिले काम तापमापी लावण्याचे. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि शेकण्याची कोरडी जागा ३० ते ३२ अंशांच्या आसपास असूनही कासव खात नसेल, तर ते आजारी समजावे. नुसती उष्णता पुरत नाही. कवचासाठी लागणारे कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व हवे असते आणि ते त्वचेत तयार होण्यास सूर्याचे अतिनील किरण लागतात, जे खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. ते न मिळाल्यास कवच बोटाने दाबले जाईल इतके मऊ होते, म्हणून पावसाळ्यात त्यासाठीचा खास दिवा अपरिहार्य आहे. कवचावर पांढुरके, दुर्गंधीयुक्त खड्डे दिसणे हा कवच कुजण्याचा आरंभ होय. मादी वारंवार मागच्या पायांनी उकरत व जोर करत असेल, तर अंडी अडकल्याची शंका घ्यावी. नर सोबत नसतानाही मादी अंडी धरते, हे अनेकांना ठाऊक नसते.

दवाखान्यात नेईपर्यंत कासव उबदार व शांत ठेवावे, आणि गारठलेल्या अवस्थेत त्याला बळजबरीने भरवू नये, कारण न पचलेले अन्न पोटात कुजते. जनावरांच्या गोचिडांवर व जंतांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांसाठी विषारी असून त्याने पक्षाघात व मृत्यू ओढवतो; गोठ्यातील औषध कासवाला देण्याचा मोह म्हणूनच टाळावा. पाटणकरांना त्यातल्या त्यात सोयीचे म्हणजे सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाताना आहार, पाण्याचे तापमान आणि आठवड्याच्या वजनांची नोंद बरोबर असावी. कासव निरोगी दिसले तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुणे लहान मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. याच कारणावरून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली.

हे सारे परदेशी पाणकासवाविषयी झाले. आपल्याकडील चांदणी कासव आणि विहिरी-तळ्यांतील मऊ पाठीचे कासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ती घरी बाळगणे गुन्हा आहे. पाणी स्वच्छ राहावे म्हणून कासव पकडून विहिरीत सोडण्याचा जुना प्रघातही त्यामुळे सोडून द्यावा लागेल. असे कासव जखमी वा आजारी आढळल्यास स्वतः उपचार न करता वनविभागास, म्हणजे १९२६ या क्रमांकावर, कळवावे. आणि पाळलेल्या लाल कानाच्या कासवाचा कंटाळा आला, किंवा ते बरे होईल अशी आशा उरली नाही, म्हणून ते कोयनेच्या पात्रात सोडणे हा दुहेरी अपराध ठरतो, कारण ते तगले तर नदीतील मूळच्या कासवांचे अन्न व शेकण्याच्या जागा बळकावते, आणि आजारी असेल तर त्याच्या अंगावरील रोगही त्यांच्यापर्यंत पोहोचवते.