वृद्धांचा आहार व हलका व्यायाम

शेतीत आयुष्य घालविलेला मनुष्य साठीच्या पुढे गेला म्हणजे कारभार मुलांच्या हाती सोपवितो. त्याने आता ओसरीवर बसावे, थोडेसे खावे व विश्रांती घ्यावी, अशी घरच्यांची इच्छा असते. तिच्यामागे आदर व माया असते यात संशय नाही. परंतु नुसत्या विश्रांतीने व तुटपुंज्या आहाराने वृद्धांचे बळ टिकत नाही. उलट ते लवकर ओसरते. म्हातारपणी अन्न व हालचाल यांची जोड घालणे का अगत्याचे आहे व ती घरच्या घरी कशी घालता येते, हे पुढे दिले आहे.

शक्ती का घटते?

तिशीनंतर दर दहा वर्षांत शरीरातील स्नायू सुमारे शेकडा ३ ते ८ या प्रमाणात घटत जातात व साठीनंतर हा वेग वाढतो. हाडेही विरळ होतात; पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये हे विशेष आढळते. मग खाटेवरून उठताना हाताचा टेका घ्यावा लागतो, उंबरा ओलांडताना पाय अडखळतो आणि एखादे दिवशी तोल जातो. खुब्याचे हाड मोडल्यास कित्येक महिने अंथरुणात जातात व पुष्कळांना पुन्हा पूर्वीप्रमाणे स्वतःच्या पायांवर हिंडता येत नाही.

ही घट अजिबात थांबविता येत नसली, तरी तिचा वेग कमी करता येतो; सत्तरी उलटल्यावरही गेलेले बळ काही अंशी परत मिळविता येते. मात्र त्यासाठी दोन्ही उपाय एकदम हवेत. दावणीला बांधून नुसता खुराक घातलेला बैल सुस्त होतो व खुराकावाचून कामास जुंपलेला बैल खंगतो, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मनुष्याच्या शरीराचेही तसेच आहे. व्यायामाने स्नायूंना वाढीची चालना मिळते, तर अन्नातील प्रथिने त्यांना बांधणीचे द्रव्य पुरवितात.

आहार कसा असावा?

वृद्धांना दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १ ग्रॅम प्रथिने मिळावीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ इत्यादी धान्ये मिळून २०० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ७५ ग्रॅम, दूध व दही मिळून ३०० ग्रॅम आणि भुईमुगाचे दाणे २५ ग्रॅम, एवढ्यात ही गरज जवळजवळ भागते. अंडी किंवा मासे खाणाऱ्यांना ती आणखी सहज भागविता येते.

पुष्कळ घरांत वृद्ध माणसे चहात भाकरी बुडवून सकाळची वेळ भागवितात. त्याऐवजी नाचणीची आंबील ताकातून किंवा दुधातून द्यावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. दुपारी भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी व लिंबाची फोड असावी. रात्री मुगाची मऊ खिचडी व दही चालते. दात नसल्यास दाण्यांचे कूट करावे, उसळ घोटावी व भाकरी वरणात कुस्करून द्यावी. परंतु दातांच्या सबबीवर नुसत्या पेजेवर भागवू नये. प्रथिने एकाच जेवणात न देता तिन्ही वेळांना वाटून द्यावीत.

दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी असावे. यासाठी लोणचे व पापड बेताने खावेत. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

व्यायाम कोणता करावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी व तीन दिवस तोल आणि शक्ती वाढविणारे व्यायाम करावेत. सवय नसलेल्यांनी रोज १० मिनिटे चालण्यापासून आरंभ करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जावे. चालताना बोलता यावे परंतु गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा होय. त्याखेरीज पुढील तीन व्यायाम करावेत :

१. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठावे व बसावे. आरंभी ५ वेळा व पुढे १० वेळा.

२. दाराची चौकट धरून टाचा उचलाव्यात व हळूच टेकाव्यात. १० वेळा.

३. भिंतीला हात लावून प्रत्येक पायावर आळीपाळीने १० सेकंद उभे राहावे. शेजारी घरचे कोणी असावे.

घ्यावयाची दक्षता

उन्हाच्या आधी किंवा ऊन उतरल्यावर चालावे व पायांत न घसरणारे जोडे असावेत. भरल्या पोटी लगेच व्यायाम करू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालावयास जाऊ नये. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा फार धाप लागणे ही लक्षणे दिसताच थांबावे व विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास आहारात व व्यायामात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

घरच्यांचे कर्तव्य

घरातील वृद्ध स्त्री बहुधा सर्वांच्या मागून जेवते व उरलेल्यावर भागविते. वरणाची व दुधाची तिची वाटी आधीच काढून ठेवावी. महिन्यातून एकदा घड्याळ लावून खुर्चीवरून ५ वेळा उठण्याबसण्यास किती वेळ लागतो, ते टिपून ठेवावे. आशियातील तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरविलेल्या निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे हे शक्ती घटल्याचे चिन्ह होय. असे आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करवून घ्यावी. वृद्धांची खरी सेवा त्यांना बसवून ठेवण्यात नसून, त्यांना शक्य तितकी वर्षे स्वतःच्या पायांवर चालते ठेवण्यात आहे.