वैशाखाचे ऊन आणि परसातील कोंबडी

शेतीला जोडधंदा म्हणून कोंबडीपालनाचे महत्त्व सर्वजण सांगतात; परंतु ज्या घरी चार-सहाच कोंबड्या आहेत, त्या घराचा विचार फारसा होत नाही. आमच्या विदर्भातील खेड्यांत अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतात. माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या आईने त्याच पैशांतून घेतल्या. म्हणून उन्हाने एखादी तलंग दगावली, तर तो तोटा किरकोळ म्हणता येत नाही.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगात घर्मग्रंथीच नसतात. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. एरवी तुरा, पाय अशा पिसे नसलेल्या भागांतून उष्णता बाहेर जाते. पण मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढला, की भोवतालची हवाच तिच्याहून गरम होते. मग चोच उघडून धापा टाकणे एवढाच मार्ग उरतो. श्वासाबरोबर ओलावा उडतो व शरीर निवते. मात्र त्यात अंगातले पाणी झपाट्याने घटते. शिवाय कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर गेल्याने रक्ताचा समतोल बिघडतो आणि अंड्याचे कवच पातळ होते.

उपाय यावरूनच ठरतात. पाणी मातीच्या परळात, सावलीत ठेवावे व दुपारी दोन-तीनदा बदलावे. अन्न पचताना अंगात उष्णता निर्माण होते. म्हणून दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाकावेत. खुराड्याच्या पत्र्यावर कडबा किंवा पाचट पसरावे. बाजूंना ओले गोणपाट लावावे, पण वारा खेळता ठेवावा. कोकणातल्या दमट हवेत ओलावा लवकर उडत नाही. तेथे गोणपाटापेक्षा सावली व वारा यांवरच भर द्यावा. कोंबडी पंख पसरून मलूल पडली, तर तिला सावलीत नेऊन पाय व तुरा साध्या पाण्याने ओले करावेत. पहाटेच्या गारव्यातही धाप थांबत नसेल, तर तो आजार समजून पशुवैद्यकाला दाखवावे.

यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागते ती केवळ वेळेवर दिलेली नजर. मित्रहो, उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाल, तेव्हा भर दुपारी खुराड्यात एकदा अवश्य डोकावा.