हिवाळी खेळ, लेणी-सहल आणि अप्रमाद

दिवाळीची सुट्टी संपवून विद्यार्थी वसतिगृहात परततात आणि निवासी शाळेचे जीवन वर्गाबाहेर येते. कबड्डी, खो-खो व धावण्याचा सराव सुरू होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिनी आपली पावले तिकडे वळतात. पुढे भाजे, कार्ले, बेडसे येथील लेण्यांच्या सहली निघतात. हे दिवस आनंदाचे खरे. परंतु वर्षातील बरीचशी दुखापतही याच दिवसांत होते. म्हणून या विषयाचा येथे थोडा विचार करू.

सोणाची कथा

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंपानगरीच्या श्रीमंत घराण्यातील हा तरुण अत्यंत सुकुमार होता. प्रव्रज्येनंतर त्याने इतक्या अट्टाहासाने चंक्रमण केले की तळपाय फाटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. भगवान बुद्धांनी ती वाट पाहून त्याची विचारपूस केली. वीणेच्या तारा फार ताणल्या अथवा फार सैल सोडल्या तर सूर लागत नाही, हा दृष्टान्त त्यांनी त्यालाच दिला. तो सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढील भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. भगवंतांनी सोणाला एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली; ही सवलत एकट्याला नको, संघाला मिळाली तरच घेईन, असे सोण म्हणाला. तेव्हा ती सर्व भिक्खूंना देण्यात आली.

क्रीडांगणासाठी यात तीन धडे आहेत: शरीराची मर्यादा ओळखावी, जखम दिसताच थांबून विचारपूस करावी, आणि संरक्षणाचे साधन सर्वांना मिळावे. शाळेच्या संघाला बूट आणि इतरांनी अनवाणी धावावे, हे समतेच्या शाळेस शोभत नाही.

मैदानावर

थंडीत स्नायू आखडलेले असतात. अशा वेळी एकदम वेगाने धावल्यास स्नायू ओढला जातो. म्हणून प्रथम दहा-पंधरा मिनिटे संथ धावणे, सांधे फिरवणे आणि खेळातील हालचाली हळूहळू करणे आवश्यक आहे. एका जागी थांबून दीर्घ ताण देणारे व्यायाम खेळ संपल्यावर करावेत.

वाकड-हिंजवडी परिसरात बांधकामे व वाहने पुष्कळ. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूळ-धूर तिच्यातच अडकून राहतो. तेव्हा सराव ऊन वर आल्यावर घ्यावा. दम्याच्या विद्यार्थ्याचा इनहेलर खोलीतील पेटीत न ठेवता मैदानावर जवळ असावा. तहान कमी लागली तरी पाणी प्यावे. कबड्डीच्या मैदानातील खडे रोज वेचावेत. खो-खोच्या खांबांना धार वा चीर नाही, हे हात फिरवून पाहावे.

दुखापत झाल्यास

पाय मुरगळल्यास खेळ तत्काळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे आणि पाय उंचावर ठेवावा. पहिले दोन दिवस तेलाने चोळणे व शेकणे टाळावे. त्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढलाच पाहिजे. डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लेण्यांच्या वाटेवर

भाजे येथील पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा लेख आहे. टाक्याला तेथे 'पोढी' म्हटले आहे. लेख अवश्य वाचावा, टाक्यात उतरू नये. हिवाळ्यात वाळलेले गवत आणि सुट्या मुरमाचा घसारा यांवरून पाय सटकतो, म्हणून चांगल्या तळाचे बूट हवेत. कड्यांवर आग्यामोहोळ असते: धूर, दगडफेक, आरडाओरड, उग्र अत्तर वर्ज्य. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून त्वरेने दूर जावे. डंख ताबडतोब खरवडून काढावा. श्वास लागल्यास किंवा चेहरा सुजल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पाचपूर्वी सर्वजण पायथ्याशी असावेत. निघताना व परतताना शिरगणती व्हावी.

लपवलेली जखम

काही वर्षांपूर्वी आमच्या संघातील एका विद्यार्थ्याने मुरगळलेला घोटा दोन दिवस लपवला. अंतिम सामना होता. तो लंगडतो आहे, हे आम्हीही पाहिले. पट्टी बांधली आणि त्याला उतरवले. सामना जिंकला, पण तो मुलगा त्या वर्षी पुन्हा खेळला नाही. नंतर त्याने कारण सांगितले. घरी कळले असते तर चाकणला कंत्राटी कामावर असलेल्या वडिलांचा खाडा झाला असता. पोराने वडिलांच्या रोजाचा हिशेब केला. आम्ही ढालीचा केला. प्रमाद आमचाच होता.

त्यानंतर आम्ही एक नियम पाळतो. संध्याकाळच्या वंदनेनंतर प्रत्येक खोलीत विचारायचे, 'आज कोणाला लागले का?' सांगणाऱ्यावर रागवायचे नाही, संघातील त्याची जागा जाणार नाही, आणि दवाखान्यात त्याच्यासोबत शाळेचा माणूस जाईल. पालकांना कळवायचे, पण त्यांचा खाडा पाडायचा नाही. आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करून भगवंतांनी संघाला हेच शिकवले: ज्यांचे आईवडील जवळ नाहीत, त्यांनी एकमेकांची काळजी घ्यायची. वसतिगृहाची स्थिती याहून वेगळी नाही.

अप्रमाद म्हणजे सदैव जागे असणे. गृहपाल, क्रीडाशिक्षक व मोठ्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न रोज विचारावा. आणि लहानग्यांनो, लागले असेल तर त्याच संध्याकाळी सांगा.