पहिला पाऊस पेरणीचा नव्हे, जमीन धुण्याचा

राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी घोडबंदरपाशी पोचते तोवर ती नदी कमी आणि खाडी जास्त झालेली असते. तिच्याच काठी भाईंदर पूर्वेला खारी आणि नवघर, तर पश्चिमेकडे राई, मुर्धे, मोर्वे ही गावे. नावातच खार असलेल्या खारीत आज इमारतींची दाटी आहे; तिथल्या रहिवाशाला भातशेतीचा सल्ला देण्यात अर्थ नाही. पण राई-मुर्धे पट्ट्यात आणि खाडीपलीकडे वसईच्या बाजूला ज्यांची खाचरे अजून शिल्लक आहेत, त्यांनी मे महिन्यातच बांधावर जायला हवे.

मार्च ते मे जमीन तापते, खालचे खारे पाणी वर चढते आणि ढेकळांवर मिठाची पांढरी साय येते. ही साय जाईपर्यंत घाई करू नका. मृगाचे पहिले पाणी खाचरात अडवा, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि ओहोटीला बांधातल्या उघाडीच्या झडपेतून काढून टाका. पाऊस साथ देईल तसे हे दोन-तीनदा करा. खत-बियाण्याच्या कितीही गोण्या आणल्या तरी या धुण्याची जागा त्या घेऊ शकत नाहीत. कोणी जिप्सम टाकायला सांगेल. आपल्याकडची खार मुख्यतः समुद्री मिठाची, ती गोड्या पाण्याने धुतली जाते. माती परीक्षणाचा अहवाल हाती येईपर्यंत जिप्समवर पैसे घालू नका. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त समजावी. भाताला मात्र 3 पासूनच झळ लागते.

आता उघाडी. ओहोटीला उघडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी ही झडप नीट मिटली नाही, तर एका रात्रीत सगळे धुणे फुकट जाते. पूर्वी तिथे गाळ अडकायचा, शहरालगत आता प्लास्टिक अडकते. ते काढा, झडपेच्या कडा तपासा. बांधातली खेकड्यांची बिळे खाडीच्या चिकट मातीने ठासून बुजवा. हे काम अष्टमीच्या भांगात उरका. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण बांधाची ओली माती टिकू देत नाही. बांध सगळ्यांचा असतो आणि भोक एकाच्याच हद्दीत पडते, म्हणून दुरुस्तीला एकत्र जा. मात्र त्या निमित्ताने तिवरांवर कोयता चालवू नका. उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने खारफुटी तोडायला बंदी आहे, शिवाय लाटांचा मार आधी तीच झेलते.

बियाण्यासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे वाण पाहावेत. राता हा जुना वाण अजून कोणाकडे असेल तर तो मोडीत काढू नका. भात उगवताना खार बऱ्यापैकी सोसतो. कोवळे रोप आणि फुलोरा मात्र नाजूक. मोड आलेले बी फेकून रहू पेरण्याची खारपट्ट्यातली रीत उगवतानाच्या या सहनशक्तीवरच टिकली आहे. फक्त नंतर पावसाचा खंड पडला तर खाचरात गोडे पाणी धरून ठेवा. लावणी करायची असेल तर रोपवाटिका उंच, गोड्या जागी करा. महिनाभराचे जून रोप घ्या आणि चुडात चार-पाच रोपे ठेवा, कारण काही मरणारच. खाचरातले पाणी जिभेवर घेऊन खार ओळखायची जुनी सवय मात्र सोडा. खाडीत आता शहराचे सांडपाणीही येते.

नत्र एकदम देऊ नका, हप्त्यांनी द्या. सोडायचे पाणी सोडून झाल्यावरच खत टाका, नाहीतर ते खाडीत जाईल.

एवढे करूनही उधाणात बांध फुटला, तर पुढच्या ओहोटीलाच खारे पाणी बाहेर काढा आणि पावसाचे पाणी दोनदा फिरवा, मगच मेलेल्या जागी नांगे भरा. त्यासाठी रोपवाटिकेचा एक वाफा राखून ठेवा.