आशाताईंच्या पिशवीतले नोबेल : हिवतापाचा धडा वर्गात कसा शिकवावा?



पावसाळा सुरू झाला की आपल्या सिरोंचा भागातल्या हजेरीपटाकडे एकदा नीट बघा. जुलै ते नोव्हेंबर गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सर, ताप आलाय." तीच मुलं 'हिवतापाचे जंतू कोणी शोधले?' या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येतात आणि पूर्ण गुण मिळवतात. म्हणजे नाव पाठ होतं, पण घरात ताप आल्यावर काय करायचं ते होत नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. म्हणून हा धडा आपण जरा वेगळ्या पद्धतीने घेऊ या.

वर्गात एक प्रश्न टाका, "नोबेल पारितोषिक कुठे बघायला मिळेल?" मुलं म्हणतील परदेशात, मोठ्या प्रयोगशाळेत. तुम्ही सांगा, "आपल्या आशाताईंच्या पिशवीत!" आता ती पिशवी उघडू या.

१) रोग कशामुळे आणि कोणामुळे?

पूर्वी लोकांना वाटे की दलदलीच्या खराब हवेने हा ताप येतो. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'खराब हवा' असा आहे. 1880 मध्ये अल्जेरियात काम करणाऱ्या लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना रुग्णाच्या रक्तात हलणारे परजीवी दिसले. त्यांना 1907 चे नोबेल मिळाले.

पण हा परजीवी एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? याचं उत्तर आपल्या शेजारीच सापडलं. सिरोंच्याहून गोदावरीचा पूल ओलांडला की तेलंगणा. तिथल्या सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या एका रुग्णाला डास चावू दिले आणि प्रत्येक डासामागे त्याला एक आणा दिला. मग ते डास सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. 20 ऑगस्ट 1897 रोजी त्यांना डासाच्या पोटात परजीवीची वाढ दिसली. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो आणि चाव्यातून पसरतो. त्याच सुमारास इटलीतल्या ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनाफिलीस डासामुळे पसरतो हे सिद्ध केलं. रॉस यांना 1902 चे नोबेल मिळाले. 20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात. शाळेच्या दिनविशेष फलकावर तो जरूर लिहा.

या शोधाचा घरातला उपयोग म्हणजे मच्छरदाणी. ॲनाफिलीस मुख्यतः रात्री चावतो. शेतात माचाणावर जागलीला जाणाऱ्या वडिलांनीही मच्छरदाणी सोबत न्यायला हवी. ती घरी गुंडाळून ठेवली किंवा मासे धरायला वापरली, तर रॉस यांचा शोध वाया गेला म्हणायचा.

२) रक्ताचा एक थेंब

आशाताई बोट टोचून आरडी किटवर रक्त टाकतात आणि 15 ते 20 मिनिटांत रेघ उमटते. ही रेघ कशी येते? पट्टीवर विशिष्ट प्रतिपिंडं बसवलेली असतात. ती हिवतापाच्या परजीवीचं प्रथिन नेमकं पकडतात. अशी एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तितकी बनवायची पद्धत कोहलर आणि मिलस्टीन यांनी 1975 मध्ये शोधली. त्याबद्दल त्यांना 1984 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. जिथून तालुक्याचा दवाखाना लांब, पावसात नाल्याला पूर आला की वाट बंद, तिथे ही पट्टी म्हणजे हातात मावणारी प्रयोगशाळाच!

३) गोळी

चीनमधील तू यूयू यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या वैद्यक ग्रंथात एका वनस्पतीचा उल्लेख वाचला. उकळल्याने औषधी गुण जात असावा असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानात अर्क काढला. आधी अनेक प्रयोग फसले होते, पण 1971 मधला हा अर्क उंदरांवर पूर्ण यशस्वी झाला. पुढे त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध आलं आणि त्यांना 2015 चे नोबेल मिळाले. आपल्याकडे फाल्सिपेरम हिवतापावर याच औषधाच्या कुळातली गोळी दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. त्याच वर्षीच्या पारितोषिकाचा दुसरा अर्धा वाटा कॅम्पबेल आणि ओमुरा यांना मिळाला. त्यांच्या शोधातून आलेलं आयव्हरमेक्टिन हत्तीपायाविरुद्ध उपयोगी पडतं. हत्तीपायही आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

४) शोध लागला, मग रोग संपला का?

हा प्रश्न मुलांना मुद्दाम विचारा. डीडीटी कीटक मारतं हे म्युलर यांनी 1939 मध्ये शोधलं आणि त्यांना 1948 चे नोबेल मिळाले. भारतात 1953 पासून घरोघरी फवारणी सुरू झाली. वर्षाला अंदाजे साडेसात कोटी असलेले रुग्ण 1965 पर्यंत एक लाखाच्या आसपास आले. पण डास डीडीटीला सरावले, कामात ढिलाई आली आणि 1976 मध्ये आकडा पुन्हा 64 लाखांवर गेला. शिवाय डीडीटी निसर्गात साचून राहतं, पक्ष्यांना आणि माशांना अपाय करतं, हेही नंतर कळलं. पारितोषिक मिळालं तरी शोधाचं काम तिथे संपत नाही. ते पुढे आपल्याला चालवावं लागतं.

पालकांसाठी अगदी महत्त्वाचं

- थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. फाल्सिपेरममध्ये लहान मूल एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतं. पुजाऱ्याकडे जायचं असेल तर जा, पण आधी रक्त तपासून घ्या.
- व्हायव्हॅक्स हिवतापात परजीवी यकृतात लपून राहतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, मूल खेळायला लागतं आणि गोळ्या फळीवर राहतात. काही आठवड्यांनी तोच ताप परत येतो! म्हणून 14 दिवसांचा प्रायमाक्विनचा डोस पूर्ण करा.
- गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. प्रायमाक्विन गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत.
- झटके, बेशुद्धी, सतत उलट्या किंवा काळसर लघवी दिसली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

वर्गात करण्यासारखे उपक्रम

1. डबक्यातलं पाणी काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला कापड घट्ट बांधा. पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी ॲनाफिलीसची. तिरकी लटकणारी क्युलेक्सची असू शकते. निरीक्षण झालं की पाणी कोरड्या मातीवर ओता.
2. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. मग आठवड्यातून एकदा पाणी साठवायची भांडी कोरडी का करायची? उत्तर मुलांनाच काढू द्या.
3. ज्याच्या घरी 14 दिवसांच्या गोळ्या सुरू आहेत, त्या विद्यार्थ्याला वहीत 14 चौकोन आखून द्या. रोज गोळी घेतली की एक खूण.
4. आपली मुलं घरी तेलुगू, गोंडी, माडिया बोलतात. मच्छरदाणीला 'दोमतेर' म्हणा, लगेच समजेल. धडा घरच्या भाषेत घरी सांगायला लावा.

परीक्षेत 'रॉस' हे उत्तर आलं तर एक गुण मिळेल. पण एखाद्या मुलीने रात्री तापलेल्या भावाला पाहून "आई, आत्ताच आशाताईंना बोलाव" असं म्हटलं, तर आपला धडा पोचला असं समजायला हरकत नाही.