अभ्यासकाची पार्श्वभूमी व शिक्षणाचा अभ्यास

शिक्षणविषयक धोरणाचा अभ्यास करणारा मनुष्य कोऱ्या पाटीसारखा नसतो. तो कोठे वाढला, कोणत्या शाळेत शिकला, त्याच्या घरी कष्ट कोणते होते, यांवर त्याला कोणते प्रश्न दिसतात हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन हे याचे उत्तम उदाहरण होय. जन्म माळी कुटुंबातला, व्यवसाय शेती व व्यापार, आणि अध्यापनाचा अनुभव प्रत्यक्ष. सरकारी उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमाचे, परंतु शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गास, ही विसंगती त्यांना म्हणूनच स्पष्ट दिसली. बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, त्यांचे वेतन १२ रुपयांहून कमी नसावे, असे त्यांनी सुचविले.

तथापि विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. आपला अनुभव मुख्यतः पुणे व आसपासची खेडी यांपुरता आहे, हे त्यांनी आरंभीच नमूद केले. आपण कोठे उभे राहून पाहत आहोत हे सांगितल्याने त्यांचे म्हणणे दुबळे झाले नाही. उलट ते पारखून घेणे वाचकास सुलभ झाले.

आता धायरीचे उदाहरण घ्यावे. मूळचे हे शेतीचे गाव. २०१७ साली त्याचा उर्वरित भागही पुणे महानगरपालिकेत आला. अशा गावी जुन्या घरांशेजारी बाहेरगावची कामकरी कुटुंबे राहतात. तेथे पटनोंदणीस निघालेला शहरी शिक्षक गैरहजर मुलीच्या नावापुढे ‘पालकांची अनास्था’ असा शेरा सहज लिहील. शेतकऱ्याच्या घरातून आलेला शिक्षक ‘मी शिकलो, मग हिलाच काय अडचण?’ असे म्हणेल. मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत घरी बसली आहे, हे दोघांच्याही नजरेतून सुटेल; आणि चुकीच्या शेऱ्यावरून योजलेला उपाय तिच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही.

म्हणून पाहणीपूर्वी शिक्षकाने आपले गाव, शाळा व घरची स्थिती चार ओळींत लिहावी. ऐकलेले व अनुमानलेले निरनिराळे नोंदवावे. निष्कर्ष भिन्न परिस्थितीतील सहकाऱ्यास दाखवावा.

स्वाध्याय : आपल्या वर्गातील वारंवार गैरहजर राहणाऱ्या एका मुलाविषयी प्रथम आपला तर्क लिहावा, मग त्याच्या घरी जाऊन विचारावे व दोहोंतील अंतर पाहावे.